गरुडझेप छापाचे ब्रेक

"हे आमचं नव्हेच," कोठावळे म्हणाले.

काउंटरच्या काचेवर मी ब्रेक पॅडचे दोन तुकडे ठेवले होते. एक मागचा लोखंडी पत्रा, पाठीला हिरवा रंग दिलेला. दुसरा त्या पत्र्यापासून सुटून आलेला काळा थर, लायनिंग म्हणतात ते. हे दोन एकमेकांना धरून असतात म्हणून गाडी थांबते. आमच्या व्हॅनचे पॅड बसवून महिनासुद्धा झाला नव्हता, आणि माझे वडील, आप्पा, भैरोबाचा घाट उतरत असताना ते सुटले होते.

कोठावळ्यांनी ते हातात घेतले नाहीत. वाकून बघितलंही नाही. नुकतीच उदबत्ती ओवाळून झाली होती आणि त्या पवित्र हातांना असलं काही लावायची त्यांची तयारी नव्हती.

"भाऊसाहेब, याच्या पाठीवर गरुड आहे," मी म्हटलं. "गरुडझेप तालुक्यात फक्त तुम्ही विकता."

"गरुड काय, कुणीही छापतो."

"बिल आहे माझ्याकडे."

"बिल पॅडचं असेल. याच पॅडचं कशावरून?" मग ते मागे रेलले आणि आवाजात मध घालून म्हणाले, "कुंदाताई, वडिलांचं वय काय?"

"वयाचा काय संबंध?"

"नाही, म्हणजे एस.टी.तून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली ना? या वयात पाय जरा उशिरा पडतो. माणूस आहे. माझ्या वडिलांचंही तसंच व्हायचं. त्यात लाज कसली?"

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. कोठावळ्यांच्या डोक्यावर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'निर्धोक ऑटो पार्ट्स. आपला जीव, आमची जबाबदारी.' मी ते तुकडे पिशवीत भरले आणि बाहेर पडले.

ब्रेकला गरुडझेप नाव ठेवणाऱ्याच्या अकलेवर तेव्हाच संशय घ्यायला हवा होता. ब्रेकचं काम थांबायचं. झेप घ्यायचं नव्हे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा लोणची आणि पापड करून घाटाखालच्या दुकानांना पुरवायचे. मालकीण मी आणि ड्रायव्हर आप्पा. आप्पा म्हणजे सोपान धुमाळ. उभा जन्म त्यांनी याच घाटात एस.टी. चालवली आणि कुणाला ओरखडा आला नाही. रिटायर झाल्यावर घरी बसून कंटाळले, म्हणून मी जुनी व्हॅन घेतली तेव्हा किल्ली त्यांनी स्वतःच उचलली. मला चालवता यायचं, पण त्यांच्या मते माझं चालवणं म्हणजे गाडीला ढकलत नेणं होतं.

त्या सकाळी ते एकटेच माल घेऊन निघाले होते. घाटातल्या मोठ्या वळणाच्या अलीकडे ब्रेक गेला. खाली दरी. आप्पांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि गटाराच्या कडेला घासत नेऊन थांबवली. पुढचा भाग आत दबला आणि उजवं पाऊल पेडलच्या खाली चिरडलं. मागच्या सगळ्या बरण्या फुटल्या. जे लोक मदतीला धावले त्यांना आधी वाटलं सगळीकडे रक्तच रक्त आहे. ते कैरीच्या लोणच्याचं तेल होतं. रक्त होतं, पण ते खाली, पेडलपाशी.

पाऊल वाचलं. चाल मात्र कायमची लंगडी झाली.

पण मला खरी काळजी पायाची नव्हती. दवाखान्यात पहिल्यांदा शुद्धीवर आल्यावर आप्पा म्हणाले, "माझाच पाय उशिरा पडला आसंल."

"आप्पा, पॅड सुटले होते. शब्बीर मिस्त्रीनं काढून दाखवलेत मला."

"सुटले आसतील. पण मला आधी कळाया पायजे हुतं."

पुढे कोठावळ्यांचं बोलणं गावभर झालं. धुमाळ ड्रायव्हर म्हातारा झाला, पाय पडला नाही, आता पोरगी दुकानदाराच्या माथी मारतीय. भेटायला येणारा प्रत्येक जण आप्पांना धीर द्यायचा, "वय झालं की होतं असं," आणि आप्पा मान डोलवायचे. दुपारी मी पापड लाटत असायचे तेव्हा ते खुर्चीत बसलेले दिसायचे. प्लास्टरमधला पाय उचलायचे आणि जमिनीवर दाबायचे. परत उचलायचे, परत दाबायचे. किती लवकर पडतो ते बघत असायचे. मी बघतेय हे कळलं की थांबायचे.

म्हणून मला कोठावळ्यांकडून नुकसानभरपाई हवी होती. दवाखान्याचा खर्च आणि गाडीची दुरुस्ती हवी होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्यापेक्षा, चूक ब्रेकची होती हे त्यांच्या तोंडून निघायला हवं होतं. वकिलामार्फत नोटीस पाठवली. उत्तर आलं की आमचे अशील हे तालुक्यातील प्रतिष्ठित व्यापारी असून अपघात हा चालकाच्या वार्धक्यामुळे घडलेला आहे. आप्पांना मी ते वाचून दाखवलं नाही. त्यांनी ते माझ्या उशाखालून काढून वाचलं. वार्धक्य या शब्दाचा अर्थ विचारला नाही, म्हणजे कळला असणार.

ग्राहक मंचात जायची माझी तयारी चालली होती. तेवढ्यात रस्ता सुरक्षा सप्ताह आला.

आमच्या गावात रस्ता सुरक्षा सप्ताहाचे प्रमुख पाहुणे कोण असावेत? गजेंद्र ऊर्फ भाऊसाहेब कोठावळे. दर वर्षी तेच. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना लाल पट्ट्या लावायला ते फुकट देत, आणि त्या पट्ट्यांवर त्यांच्या दुकानाचं नाव असे. हायस्कूलच्या मैदानात मांडव होता. व्यासपीठावर पोलीस निरीक्षक, एस.टी.चे डेपो मॅनेजर, हेडमास्तर आणि मधोमध कोठावळे, फेटा बांधून. त्यांच्या पत्नी शैलावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, गप्प. नवऱ्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला त्या असायच्या आणि कुणाशी बोलायच्या नाहीत.

आप्पा यायला तयार नव्हते. मीच त्यांना ओढून नेलं होतं. काठी घेऊन ते मागच्या रांगेत बसले.

कोठावळे बोलायला उभे राहिले. वेग म्हणजे मृत्यू, संयम म्हणजे जीवन वगैरे झालं. मग म्हणाले, "बंधूंनो, रस्त्यावर आपला प्रत्येक क्षण महत्त्वाचा. ज्यांचं वय झालं, ज्यांचे हातपाय थकले, त्यांनी आता स्टिअरिंग सोडावं. परवाच आपल्या तालुक्यात एक दुर्दैवी प्रसंग घडला. मी नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. साऱ्या मांडवानं मागे वळून आप्पांकडे बघितलं. आप्पा काठीकडे बघत राहिले.

"आणि आपण व्यापाऱ्यांनीही जबाबदारीनं वागलं पाहिजे," कोठावळे रंगात आले होते. "मी छातीठोकपणे सांगतो, जो पार्ट मी स्वतःच्या गाडीत घालणार नाही, तो गिऱ्हाइकाला देणार नाही. हे माझं व्रत आहे!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत मी उभी राहिले होते. काही ठरवलेलं नव्हतं. त्या माणसाच्या तोंडून व्रत हा शब्द निघाला आणि मी उभी होते.

"भाऊसाहेब, मग तुमच्या गाडीत गरुडझेप घाला."

"काय?"

"गरुडझेपचे पॅड. तुमच्या दुकानातले. इथं सगळ्यांसमोर घाला, आणि वहिनींना शेजारी बसवून घाट उतरून दाखवा. उतरलात तर मी नोटीस मागं घेते. माझ्या वडिलांचाच पाय उशिरा पडला, असं याच मैदानात येऊन म्हणते."

हेडमास्तर म्हणाले, "ताई, हा विषय इथला नाही." निरीक्षकसाहेब मात्र मिशीत हसले. मांडवात कुजबुज सुरू झाली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊसाहेब, दाखवाच!" ती त्यांचीच माणसं होती. त्यांचा भाऊसाहेबांवर खरोखर विश्वास होता. तेच तर भाऊसाहेबांचं दुखणं झालं.

कोठावळ्यांनी फेटा सावरला. नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. हात वर करून ते गरजले, "उतरतो! एकदा काय, शंभरदा उतरतो! माझ्या अर्धांगिनीला घेऊन उतरतो!"

पुन्हा टाळ्या. मी शैलावहिनींकडे बघितलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या पदर बोटाभोवती गुंडाळत बसल्या होत्या.

घरी जाताना आप्पा माझ्यावर चिडले. "कशाला बाईमाणसाला मधी घातलंस? ब्रेक गेला तर?"

"जाणार नाही म्हणतात ना ते."

"आन् गेला तर?"

खरं सांगायचं तर गेलाच असता असं काही नाही. आमचेसुद्धा पॅड पहिल्याच दिवशी गेले नव्हते. घाटातून दहा वेळा उतरलो तेव्हा कधीतरी सुटले. एका खेपेला काही होणार नाही असाच माझा हिशेब होता. कोठावळे उतरतील, मिरवतील, मला मैदानात उभं राहून आप्पांबद्दल खोटं बोलावं लागेल. मी तोंडावर पडणार हे मला रस्त्यातच कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'निर्धोक'समोर गर्दी जमली. कोठावळ्यांची पांढरी मोठी गाडी जॅकवर चढवली होती. कोठावळ्यांनी फळीवरून लाल खोका काढला, गरुडाचं चित्र सगळ्यांना दाखवलं आणि हिरव्या पाठीचे पॅड वर धरले, एखाद्या पुजाऱ्यानं मूर्ती धरावी तसे. शब्बीर मिस्त्रीनं सगळ्यांसमोर ते बसवले. बसवताना त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. त्याच्या पोटाचा प्रश्न होता. अर्धं काम त्याला निर्धोककडूनच मिळायचं. मग चाकापुढे नारळ फुटला, पेढे वाटले. कोठावळ्यांनी मलाही पेढा दिला. मी तो घेतला आणि खाल्ला. पेढ्याचा काय दोष?

उतरायचं ठरलं होतं दुसऱ्या सकाळी.

सकाळी कोठावळ्यांच्या गाडीला झेंडूची माळ होती. शैलावहिनी पुढे बसल्या होत्या, हातात देवीचा अंगारा. मागे दोन जीपगाड्या भरून माणसं आणि सगळ्यात शेवटी आमची दुरुस्त केलेली व्हॅन. चालवत मी होते, शेजारी आप्पा. अपघातानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. घाटात शिरल्यावर त्यांनी डॅशबोर्ड धरला. मोठ्या वळणाच्या अलीकडे डोंगराच्या अंगाला आमच्या गाडीचा घासलेला रंग अजून दगडांवर दिसत होता. आप्पांनी मान दुसरीकडे फिरवली.

पुढे कोठावळ्यांची गाडी वळणावळणावर ऐटीत थांबत होती. मुद्दाम जोरात ब्रेक मारायचे, खिडकीतून हात काढून मागच्यांना दाखवायचे, परत निघायचे. जीपमधली माणसं दर वेळी ओरडत होती.

घाट उतरला. खाली फाट्यावर चहाची हॉटेलं आहेत, तिथं सगळे थांबले. कोठावळे गाडीतून उतरले तेव्हा त्यांना हार घालण्यात आला. हार त्यांनी वरूनच आणला होता.

"काय कुंदाताई?" ते माझ्यापाशी आले. "आता मैदानात कधी येताय?"

आप्पा एका बाकावर जाऊन बसले होते. एकाएकी फार म्हातारे दिसत होते. कोठावळ्यांचा एक माणूस त्यांच्यापुढे जाऊन म्हणाला, "बगा धुमाळमामा, ब्रेक लागतोय का न्हाई!" आणि आप्पा म्हणाले, "लागतोय की बाबा. चांगला लागतोय."

तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. नळापाशी तोंड धुवायला गेले. शैलावहिनी तिथं आधीच उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक पडलेला. मला वाटलं, घाटानं पोट ढवळलं असेल.

"पाणी हवंय का वहिनी?"

त्यांनी मान हलवली. आप्पांकडे बघितलं. "त्यांचं पाऊल कायमचंच असं राहणार का गं?"

"हो."

माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "चाक खोलायला सांग."

"काय?"

"गाडीचं चाक खोलून पॅड दाखवा म्हण. मी सांगितलं म्हणू नकोस."

आणि त्या पदरानं तोंड पुसत निघून गेल्या.

मी गर्दीत परत गेले. "भाऊसाहेब, एवढं केलंत तर आणखी एक करा. चाक खोलून पॅड दाखवा. किती झिजलेत, लायनिंग सुटलंय का, सगळ्यांना बघू द्या. म्हणजे माझंही समाधान होईल."

कोठावळ्यांचा हार गळ्यात जरा हलला. "त्याची काय गरज? गाडी थांबली ना?"

"थांबली. म्हणूनच बघायचंय."

"आत्ता नको. गरम असतात. हात भाजेल मिस्त्रीचा."

"मग थंड होईपर्यंत चहा घेऊ."

"कार्यक्रम संपलाय ताई! लोकांना कामंधंदे आहेत."

पण लोकांना कामंधंदे नव्हते. लोक खुशीत होते. "दाखवा की भाऊसाहेब!" त्यांचीच माणसं ओरडायला लागली. "होऊन जाऊ दे! बाईच्या तोंडाला कुलूपच लागू दे!" आप्पांना टोमणा मारणारा तो माणूस स्वतःच जॅक घेऊन आला. भाऊसाहेबांची कीर्ती वाढवायची या भक्तिभावानं त्यानं गाडी उचलली. कोठावळे "अरे थांब, थांब" म्हणत राहिले आणि त्याला वाटलं साहेब विनयानं नको म्हणताहेत.

शब्बीर मिस्त्री जीपमधून आला होता. त्यानं चाक काढलं. हातात फडकं घेऊन एक पॅड बाहेर ओढला, उलटा केला आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

"काय झालं? सुटलंय?" कुणीतरी विचारलं.

"सुटलं नाही," शब्बीर म्हणाला. "हे काळे आहेत."

तो जॅकवाला पुढे झाला आणि त्यानं पॅडच्या पाठीवरचं नाव मोठ्यानं वाचलं. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. गरुड कुठेही नव्हता. त्यानं दुसरा पॅड काढायला लावला. तोही काळा. मग तो कोठावळ्यांकडे वळला. अजून त्याला काही कळलं नव्हतं. "भाऊसाहेब, हे आपले न्हाईत. काल तर आपले घातलं हुतं."

"मिस्त्रीकडून चुकून..." कोठावळे म्हणाले.

"मी हिरवे घातले," शब्बीर उभा राहिला. "शंभर माणसं होती. पेढा खाल्लाय मी."

एका जीपमधल्याला हसू फुटलं. त्यानं ते खोकल्यात दडवायचा प्रयत्न केला. फाट्यावर एरवी एवढी वर्दळ असते, पण त्या हॉटेलापुढे किटलीचा आवाज ऐकू येत होता. कोठावळ्यांनी गळ्यातला हार काढला. कुठं ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून हातात धरून उभे राहिले.

मी इतके दिवस त्यांना मूर्ख समजत होते. पुण्यामुंबईच्या कुणा ठोक व्यापाऱ्यानं यांच्या गळ्यात भिकार माल मारला, आणि आता अब्रूसाठी हा माणूस मान्य करत नाही, असं मी धरून चालले होते. मूर्खावर किती रागावणार? पण हा मूर्ख नव्हता. आपल्या फळीवर काय आहे ते याला पक्कं ठाऊक होतं. एका खेपेचासुद्धा धोका घ्यायची याची तयारी नव्हती. आमच्यासारख्यांना तो माल देताना मात्र वर 'सांभाळून जा हं' म्हणायचा.

"काय बघताय?" ते लोकांवर खेकसले. "शैला, बस गाडीत. मिस्त्री, चाक लाव."

शैलावहिनी गाडीकडे गेल्या. आतली पर्स आणि अंगाऱ्याची पुडी घेतली आणि आमच्या व्हॅनपाशी आल्या.

"कुंदा, तुमच्या गाडीत जागा आहे का?"

"शैला! काय हा तमाशा!"

त्यांनी ऐकलं नसावं असं दाखवून मागचं दार सरकवलं आणि लोणच्याच्या खोक्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मी घाईघाईनं पुढे ड्रायव्हरच्या बाजूला गेले, तशा त्या म्हणाल्या, "तू नको गं. येताना मी आरशातून बघत होते तुझं चालवणं." मग बाकाकडे बघून, "धुमाळकाका, तुम्ही घ्या ना गाडी. मला घाटाची भीती वाटते."

आप्पा उठले. त्यांनी काठी माझ्याकडे दिली. चष्मा पुसला. सीटवर बसल्यावर पाऊल ब्रेकवर ठेवलं, दाबलं, सोडलं, परत दाबलं. मग किल्ली फिरवली.

दोन-तीन वळणं गेली. मग मागून वहिनींचा आवाज आला. "उतरताना त्या मोठ्या वळणाशी मी डोळे मिटून घेतले. यांचा हात घट्ट धरला. तर हे हसले. म्हणाले, घाबरतेस काय, आपल्या गाडीत कंपनीचे घातलेत."

आप्पांनी गिअर बदलला. "असं म्हणाले?"

"हो. अगदी प्रेमानं म्हणाले. मला आधी बरंच वाटलं. खरं सांगते, हायसं वाटलं. मग तुमच्या गाडीचा रंग दिसला दगडांवर."

मोठं वळण आलं तेव्हा आप्पांनी मान फिरवली नाही. नीट बघून, हॉर्न देऊन, हळू वळवून गाडी वर काढली.

नोटिशीला आता झटपट उत्तर आलं. आमचे अशील सहानुभूतीपूर्वक विचार करू इच्छितात वगैरे. दवाखाना, गाडी, फुटलेला माल, सगळं द्यायला ते कबूल झाले. गरुडझेपचे खोके फळीवरून गेले. शैलावहिनी माहेरी गेल्या होत्या, त्या पुढे परत आल्या, कुठं जाणार? मात्र कार्यक्रमांना पहिल्या रांगेत त्या मला परत कधी दिसल्या नाहीत. गावाचं म्हणाल तर महिन्याभरात निर्धोकमध्ये पहिल्यासारखी गर्दी होती. आमच्या लोकांना अब्रू गेलेला दुकानदार चालतो, उधारी न देणारा चालत नाही.

आणि एवढं सगळं होऊनही त्या माणसाची हौस फिटली नव्हती. ठरलेल्या दिवशी भरपाईचा चेक द्यायला ते आमच्या घरी आले ते शाल, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन. दारातूनच म्हणाले, "आप्पा, जुन्या पिढीतल्या चालकाचा सन्मान करावा असं मनात होतं. त्या निमित्तानं आमच्याकडून छोटीशी मदत."

मी चूल सोडून बाहेर आले. "मदत नव्हे, भरपाई."

"तेच ते हो ताई. शब्दात काय आहे?"

ते आप्पांच्या खांद्यावर शाल घालायला वाकले. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला. आप्पांनी शाल हातानंच अडवली. उठून उभे राहिले. काठी न घेता उभे राहिले, त्यामुळे जरा तोल गेला, पण सावरले.

"भाऊसाहेब, शाल नगं. एक वाक्य म्हणा."

"कसलं वाक्य?"

"धुमाळचा पाय वेळेवर पडला हुता. ब्रेक लागला न्हाई. येवढंच."

कोठावळ्यांनी माझ्याकडे बघितलं, फोटोग्राफरकडे बघितलं, दाराशी जमलेल्या शेजारणींकडे बघितलं.

"आता ते झालं गेलं..."

"म्हणा," आप्पा म्हणाले. "मग चेक घेतो. न्हाईतर परत न्या. आमी मंचात भेटू."

बराच वेळ ते शाल दोन्ही हातांत धरून उभे होते. मग ओठ हलले. "धुमाळांचा पाय..."

"मोठ्यानं. पाठीमागं बाया उभ्या हायत."

"धुमाळांचा पाय वेळेवर पडला होता," कोठावळे म्हणाले. "ब्रेक... ब्रेक लागला नाही."

फोटोग्राफर बिचारा गोंधळला. त्यानं कॅमेरा खाली घेतला होता. "साहेब, फोटो घेऊ का नको?"

"नको," कोठावळे म्हणाले.

"घे," आप्पा म्हणाले. "आत्ताच घे."